नऊ वादक साक्षी

मी, चारुदत्त वामन उकिडवे, जन्म मिरजेचा, राहणार ओबरबिल्क, ड्युसेलडॉर्फ, वय शहात्तर पूर्ण, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, दिवसाउजेडी बसून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची कायद्याला गरज नाही. मला कुणी धाक घातलेला नाही, भुरळही घातलेली नाही. भुरळ घालू शकणारी माणसं माझ्याआधीच गेली.

नोटारकडे जाऊन आलो. तो म्हणाला, "हेर उकिडवे, आमच्याकडे मृत्युपत्र पूर्ण स्वहस्ते लिहून खाली सही केली की झालं. भाषा कुठलीही चालते. साक्षीदार लागत नाहीत." भाषेचं ऐकून बरं वाटलं. साक्षीदारांचं काही पटलं नाही. साक्षीदार नसलेलं मृत्युपत्र म्हणजे चालीवर न म्हटलेली कविता, कागदावर सगळं असतं आणि कानाला काहीच लागत नाही. तेव्हा माझ्या मृत्युपत्राला दोन साक्षीदार आहेत, आणि ते तेच का, हे पुढे कळेल.

माझी अपत्यं दोन. थोरली तनया, रेगेन्सबर्गला असते. धाकटा नील, वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोघांना मराठी ऐकून समजतं, वाचता येत नाही, म्हणजे हा कागद त्यांच्या हाती जर्मन होऊनच जाणार. ते काम जो शपथबद्ध अनुवादक करील त्याला माझा नमस्कार. तुमच्यासाठी एक सूचना पाचव्या कलमात आहे, ती चुकवू नये.

१. राहतं घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट, तनया आणि नील यांना समसमान. विकावा, भाड्याने द्यावा, माझं काही म्हणणं नाही. फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीवरची कढीपत्त्याची कुंडी नव्या माणसाला आयती देऊ नये. ती शैलाने, तुमच्या आईने, बीपासून वाढवलेली आहे. तनया, ती तू ने. रेगेन्सबर्गला ऊन बरं असतं म्हणतात.

२. बँकेत जे काही असेल ते कायद्याने ज्याचं त्याला. त्यात मला काव्य दिसत नाही, म्हणून लांबवत नाही.

३. माझी शाळेची मराठीची पुस्तकं, पाचवी ते अकरावी, ही नात अन्वी हिला. अन्वी जर्मनमध्ये उत्तरं देते, पण मी कविता म्हणायला लागलो की चाल उचलते आणि शब्दांच्या जागी काहीही घालते. घालू दे. मला आमच्या अहिल्याबाई पटवर्धन शिकवायला होत्या. डस्टर टेबलावर आपटून वृत्त शिकवायच्या. वर्गात कुणी घाईत एखादं अक्षर गिळलं की डस्टर हवेत थांबायचा. "अरे, यती असेल तिथेच श्वास घ्यायचा! आणि एक गण काढलास तर वृत्त मेलं, मग उरलेल्या ओळीचं काय लोणचं घालू?" मला इंजिनिअर लोकांनी बरंच शिकवलं, पण गाणं कुठे कापायचं नसतं हे अहिल्याबाईंनी शिकवलं. पुस्तकांना वाळवी नाही, वास आहे. तो वाऱ्यावर टाकून घालवू नये.

४. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्राऊ केम्पर यांना माझी तळघरातली खोली वापरायला द्यावी, त्या आहेत तोवर, विनामोबदला. आमचं भांडण जुनं आहे. दुपारची शांततेची वेळ मी मोडली की त्या खाली उतरून तळघराच्या दारावर झाडूच्या दांड्याने ठोकायच्या. कैक वर्षं ठोकलं. जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "तुमच्या त्या आफ्रिकन लग्नांचा शेवट कधी?" मी म्हणायचो, "फ्राऊ केम्पर, लग्न नाही, अजून सराव चाललाय." शैला आजारी पडली तेव्हा रोज सकाळी दाराशी सूप ठेवून जाणाऱ्याही याच. बटाट्याचं, मिठाशिवाय. शैला म्हणायची, "अहो, यांच्या ठोक्यात ताल आहे आणि सुपात नाही." खोलीची किल्ली त्यांना द्यावी आणि सांगावं की ताल माझ्या लक्षात आहे. तो जगाच्याही लक्षात आहे, हे पुढच्या कलमात येईल.

५. आता जे द्यायला अवघड आहे ते.

माझ्या तळघरात दोन वस्तू आहेत. एक, टेपची मोठी चकती, राखाडी डब्यात. दोन, ती टेप ज्याच्यावर भरली ते टेपमशीन. या दोन वस्तू मी दोन वेगळ्या माणसांना देत आहे, आणि का ते सांगण्यासाठीच मुळात हा कागद लिहायला घेतला.

चौऱ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात किन्शासाहून एक ऑर्केस्ट्रा इथे आला होता. नाव 'मोंगोंगो', त्यांच्या लिंगाला भाषेत म्हणजे आवाज. नऊ जण. त्यांना आणणारा एजंट चार कार्यक्रम करून नाहीसा झाला, परतीची तिकिटंही त्याच्याबरोबर गेली. मी तेव्हा एका वाद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत अॅम्प्लिफायर दुरुस्त करत असे. ते जळालेला अॅम्प्लिफायर घेऊन आले. पुढे त्यांचा गायक होता, थेओफिल माकेला. किन्शासात त्याला थेओ सुकाली म्हणत, सुकाली म्हणजे साखर. बारीक मिशी, पांढरे बूट, आणि इथल्या थंडीत उन्हाळी कोट. मी अॅम्प्लिफायर उघडला. थेओ शेजारी उभा राहून गुणगुणत होता, आणि मी डाग देता देता थांबलो. मिरजेत तंबोरे जुळवणाऱ्यांच्या गल्लीत वाढलेला माणूस मी. सूर लागल्यावर हात थांबतातच.

मी त्यांना जेवायला घरी आणलं. शैलाने दारातून नऊ डोकी मोजली आणि मला आत ओढलं.

"अहो, घरात पीठ आहे, बाकी काही नाही."

"मग उकड कर."

"पाहुण्यांना उकड?"

केली. तांदळाची, घट्ट, लसूण-मिरची घालून. थेओने पहिला घास बोटांनी मळून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मग बेस गिटारवाला प्रोस्पेर याला म्हणाला, "अरे, फुफू! या बाईच्या हातात माझी आई आहे." फुफू म्हणजे त्यांच्याकडची पिठाची उकड. त्या दिवसापासून ती त्यांची मामा शैला, मामा म्हणजे त्यांच्यात आई. पूर्ण हिवाळा ते नऊ जण आमच्या घरी आळीपाळीने जेवले, आणि तनया कोंगा वाजवणाऱ्या जेरोमच्या मांडीवर झोपायला शिकली. बाळा, तुला आजही पावसाच्या आवाजाने झोप लागते म्हणतेस ना, तो पाऊस नव्हे, ती जेरोमची बोटं.

त्या मंडळींची एक रीत आहे. आपल्यावर माया करणाऱ्याचं, आपल्याला सांभाळणाऱ्याचं नाव गाण्यात घ्यायचं. याला ते लिबांगा टाकणं म्हणतात. लिबांगा म्हणजे दगड. पाण्यात टाकला की वलयं उठत जातात तसं नाव दूर जातं. आणि गाण्याची घडण अशी: आधी संथ, भावगीतासारखा भाग, मग सेबेन. सेबेन म्हणजे शब्द संपून नुसत्या गिटारी धावतात आणि माणसं खुर्च्या सरकवतात तो भाग. नाव टाकायची जागा बहुधा या दोहोंच्या सांध्यावर. अहिल्याबाईंनी ऐकलं असतं तर म्हणाल्या असत्या, हीच यती.

फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी आम्ही तळघरात गाणं भरलं. शब्द आणि चाल थेओची, नाव 'मामा शैला'. शैला वरून चहाची किटली घेऊन आली होती ती जायला निघाली, तर थेओने वाट अडवली.

"मामा, गाणं तुझं. सेबेनच्या आधी लिबांगा तू टाक. तुझ्या माणसाचं नाव घे."

मी भाषांतर केलं. शैला लाल झाली. "इश्श! नाव?"

लग्नाला सात वर्षं झाली होती. तोवर तिने मला 'अहो' सोडून हाक मारली नव्हती. दवाखान्यात नवऱ्याचं नाव विचारलं तर ती माझा पासपोर्ट पुढे करायची.

थेओला वाटलं, नवराबायकोचं बिनसलंय. चारूचं तो शारू करायचा. म्हणाला, "शारू, तू हिला मारतोस का?"

"अरे, आमच्यात नाव असं उघडं घेत नाहीत," मी म्हटलं. "कवितेत गुंडाळून घेतात."

मग जेरोम हळूच म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडेही लिबांगा आहे."

मग शैला मायक्रोफोनसमोर उभी राहिली, पदर नसताना पदर सावरला, आणि त्यांनी संथ भाग संपवून गिटारी दाबून धरल्यावर तिने उखाणा घेतला:

ऱ्हाइनकाठी थंडी, काचेवर बर्फाची नक्षी,
चारुदत्तरावांचं नाव घेते, नऊ वादक साक्षी.

आणि सेबेन सुटला. त्याच क्षणी फ्राऊ केम्परनी दार ठोकायला सुरुवात केली. जेरोमने त्यांचा ठोका उचलला आणि शेवटपर्यंत त्याच्याशी जुगलबंदी केली. थेओने तो पुसू दिला नाही. किन्शासात लोक विचारायचे, हे लाकडी वाद्य कुठलं? थेओ गंभीरपणे सांगायचा, जर्मन.

मे महिन्यात ते नऊजण परतीची सोय लागून गेले, एक प्रत घेऊन. पावसाळ्यात तिथे रेकॉर्ड निघाली आणि थेओ सुकाली घराघरात पोचला. ते नाचायचे हॉल, ती बिअरची दुकानं, सगळी त्या नाव घ्यायच्या जागेची वाट बघायची आणि उखाणा पाठ म्हणायची. एका अक्षराचा अर्थ माहीत नसताना. त्या हिशेबाने निम्मं किन्शासा माझी सहधर्मचारिणी. हे शैलाला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला आणि मला बजावलं, "मुलांना सांगायचं नाही हं. आई चारचौघांत नाव घेते म्हणतील." मी शब्द दिला. ती होती तोवर पाळला.

आता मशीन. ते मी मानहाइमच्या अमेरिकन तळावरच्या लिलावात घेतलं होतं. अमेरिकेची वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते, इथली पन्नास. मोटर विजेच्या हेलकाव्यावर फिरणारी, त्यामुळे माझं मशीन इथे हळू फिरतं. त्याच्यावर भरलेली टेप त्याच्यावरच लावली तर आवाज खरे. दुसऱ्या कुठल्याही चांगल्या मशीनवर लावली तर सगळं जलद आणि दीड स्वर वर. किन्शासाची रेकॉर्ड त्या दुसऱ्या जातीच्या मशीनवरून निघाली. लोकांना तो वेग आवडला. बाकीचे बँडही म्हणे त्या वेगामागे धावले, असं थेओ सांगायचा, आणि थेओच्या सांगण्यातलं निम्मं धरायचं असतं. पण एक गोष्ट पूर्ण खरी. लोकांना गाणं रेकॉर्डसारखंच हवं असायचं, म्हणून बिचारा जन्मभर दीड स्वर वर गात राहिला. दौऱ्यावर इथे आला की जेवता जेवता गळ्याला हात लावून ओरडायचा, "शारू, तुझ्या मशीनने माझी साखर खाल्ली!" शैला त्याच्यापुढे तुपाची वाटी सरकवायची.

पुढे नवे गायक आले, नवे नाच आले. मोंगोंगो फुटला. सोलो गिटारवाला पॅरिसला गेला आणि तिथेच वारला. काही जण चर्चमध्ये वाजवायला लागले, काही कळलेच नाहीत. प्रोस्पेर कोलोनला बस चालवत होता, आता निवृत्त आहे. जेरोम इथेच, बाराव्या बसस्टॉपपलीकडे. थेओ उतारवयात लेकीकडे कोलोनला आला. आवाज गेला होता, पांढरे बूट होते. लग्नांत, मयतांत गायचा. त्यांच्याकडे मयताला गाणं लागतं, ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते. शैलाच्या वेळी त्याने तिच्या शवपेटीशेजारी उभं राहून गाणं म्हटलं. दीड स्वर खाली, मूळ पट्टीत. गेल्या वर्षी तोही गेला.

त्याच्या लेकीचं नाव शैला माकेला. हो, माझ्या बायकोवरूनच. ज्याच्यावरून नाव ठेवलं तो आपला न्दोयी, म्हणजे नावबंधू, आणि न्दोयीला भेट द्यायची, सुखदुःखात उभं राहायचं हे त्यांच्यात रक्ताइतकं पक्कं. ही मुलगी प्रसूतिगृहात दाई आहे. आमची शैला आजारी असताना सुट्टीच्या दिवशी येऊन तिचे केस विंचरायची. दोघी एकमेकींना 'न्दोयी, न्दोयी' करायच्या आणि मला चहा करायला लावायच्या.

आता नील, तुझं.

माझ्या पंचाहत्तरीची भेट म्हणून तू जुन्या रेकॉर्ड पुन्हा काढणाऱ्या एका कंपनीला लिहिलंस. माझं तळघर जगाला ऐकू जावं म्हणून. ही माया मला कळली, हे आधी लिहून ठेवतो. मग तुझा फोन आला. तू जर्मनमध्ये बोलतोस, मी मराठीत, आपलं असंच चालतं. तुझं मी मराठी करून लिहितो.

"बाबा, ते लोक वेडे झालेत गाण्यावर. फक्त मधला तुकडा काढणार आहेत."

"कुठला?"

"म्हणजे, ती मुलगी बडबडते ना, सेबेनच्या आधी. गेक्वाच, नुसती वायफळ बडबड. ते गेलं की ट्रॅक स्वच्छ."

"तू काय म्हणालास?"

"हो, चालेल म्हणालो. का? कोण आहे ती?"

मी फोन ठेवला. तेव्हापासून तू दर रविवारी फोन करतोस आणि आपण हवामानाबद्दल बोलतो. मी टेप द्यायचं नाकारलं, का ते सांगितलं नाही. तुला वाटलं, म्हातारा हट्टी झाला. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, आणि तू वाल्डॉर्फहून आलास की मला तळघराचा जिना उतरायचा धीर होत नव्हता. ती गेल्यापासून मी ती टेप लावलेली नाही.

नील, ती मुलगी नव्हे. ती तुझी आई आहे. जी रेकॉर्ड लागली की तू लहानपणी दार लावून घ्यायचास, तिच्यातून तिचा आवाज तुझ्यापर्यंत आला तो दीड स्वर वर, एखाद्या पोरीसारखा. शब्दही एकमेकांवर चढलेले. ओळखायचास कसा? तो तिचा आवाज नव्हताच. तिचा आवाज फक्त एका मशीनवर आहे.

तेव्हा देतो ते असं. टेप: कुमारी शैला थेओफिल माकेला, कोलोन, हिला. गाणं तिच्या बापाचं, नाव तिच्या न्दोयीचं. रेकॉर्ड पुन्हा काढायची की नाही हे तिने ठरवावं. माझी एकच अट, नाव घेतलेली जागा कुणी कापू नये.

टेपमशीन: नील चारुदत्त उकिडवे याला. त्या दुपारी तळघरात आई होती, मी होतो, तनया जेरोमच्या मांडीवर होती. घरातला फक्त तू नव्हतास, तू जन्मायचा होतास. म्हणून मशीन तुला. ते कुणी शहाण्या माणसाने 'दुरुस्त' करू नये.

म्हणजे टेप असून शैलाला ऐकता येणार नाही, आणि मशीन असून तुला. तिचा नंबर फ्रिजवर लावलेला आहे. ती मूळची बडबडी आहे, फोन उचलेल.

अनुवादकास सूचना: वरच्या उखाण्याचं जर्मन करू नये. त्या जागी एवढंच लिहावं, "इथे एक बाई बोलते. ती काय बोलते ते मशीनवर ऐकावं." माझ्या मुलाला ऐकलेलं मराठी समजतं.

६. माझं दहन करून कलश शैलाच्या शेजारी ठेवावा. दफनभूमीच्या हॉलमध्ये वरील मशीनवर वरील टेप पूर्ण लावावी, मध्ये थांबवू नये. मशीन नीलने लावावं, टेप शैला माकेलाने चढवावी. भाषणं नकोत. सेबेन सुरू झाल्यावर ज्यांना खुर्च्या सरकवाव्याशा वाटतील त्यांनी सरकवाव्यात. फ्राऊ केम्पर यांना पहिल्या रांगेत बसवावं आणि हातात काठी असू द्यावी.

यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. एक मात्र राहून गेलं होतं. शैलाने माझं नाव घेतलं, मी तिचं कधी घेतलं नाही. पुरुषांना कुणी आग्रह करत नाही, आणि मी कवितेचा एवढा भोक्ता असून सुचलं नाही. आज सही करण्याआधी घेतो:

सही झाली, शाई वाळली, उरली नाही घाई,
शैलाचं नाव घेतो, आता सेबेनला हरकत नाही.

ड्युसेलडॉर्फ, ९ नोव्हेंबर २०२५
चारुदत्त वामन उकिडवे

वरील सही आमच्या देखत झाली. मजकूर आम्हांला वाचता आला नाही, शारूने सांगितला. उखाणा आम्हांला आधीपासून पाठ आहे.

साक्षीदार:
प्रोस्पेर न्सिम्बा, बेस गिटार, नऊपैकी एक
जेरोम बोफांडो, कोंगा, नऊपैकी एक

उरलेल्या सात साक्षीदारांच्या सह्या टेपवर आहेत.